टॅरिफचा परतावा मागण्याआधी टेबलावर काय काय हवं

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काही टॅरिफ रद्द केले, त्यामुळे भरलेले पैसे परत मागता येतात. त्यासाठी पहिलं काम, ७५०१ शोधा. अमेरिकेच्या कस्टम्समधून माल सोडवताना तिथला ब्रोकर जो एंट्री समरी फॉर्म भरतो, त्याचा हा नंबर. आपल्याकडच्या बिल ऑफ एंट्रीचा अमेरिकन चुलतभाऊच म्हणा. त्यावर 'इंपोर्टर ऑफ रेकॉर्ड', म्हणजे कागदोपत्री आयातदार, अशी एक चौकट असते. तिच्यात ज्याचं नाव, परतावा त्याला. टॅरिफ खरं तर कोणाच्या खिशातून गेला, दर कोणी पाडून दिला, कोणाच्या कारखान्यातली एक पाळी बंद झाली, हे कस्टम्स विचारत नाही. मी निर्यातीची कागदपत्रं करतो. गेले काही महिने मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे 'आपले पैसे कधी येणार?' असे असतात. मी उलट एवढंच विचारतो, 'नाव कोणाचं लागलंय?' बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंच नसतं.

दुसरं, कुठला टॅरिफ रद्द झाला हे नीट समजून घ्या. सगळे झालेले नाहीत. २० फेब्रुवारी २०२६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला, की १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांना टॅरिफ लावता येत नाही. धंद्यात या कायद्याला सगळे 'आयीपा' म्हणतात. भारतीय मालाला त्याची झळ तीन टप्प्यांत बसली होती: ५ एप्रिल २०२५ पासून १० टक्के, ७ ऑगस्टपासून त्याऐवजी २५, आणि रशियन तेलाच्या नावाखाली २७ ऑगस्टपासून वर आणखी २५. ही दुसरी पंचविशी ७ फेब्रुवारी २०२६ ला निघाली आणि उरलेली वसुली २४ फेब्रुवारीला थांबली. म्हणजे तुमच्या फायली याच काळातल्या हव्यात. पोलाद, अॅल्युमिनियम, वाहनांचे सुटे भाग यांच्यावरचा टॅरिफ राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली लागणाऱ्या 'कलम २३२' खाली आहे, त्याला या निकालाने हात लागलेला नाही. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या ज्या कारखानदारांच्या मालावर फक्त २३२ लागला, त्यांनी या यादीत उगाच वेळ घालवू नये. २४ फेब्रुवारीपासून लागलेला १० टक्क्यांचा आकारही वेगळ्या कलमाखालचा, कलम १२२ चा. तो यात धरू नका.

आता ७५०१ जवळ घेऊन वाचा. सोयीसाठी एक हिशेब मांडतो. समजा, सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर मुंबईहून जहाजावर चढलेला, ऑक्टोबरमध्ये सुटलेला सोलापुरी टर्किश टॉवेलचा माल, किंमत २०,००० डॉलर. सुती टेरी टॉवेलचा ड्युटी ठरवणारा कोड ६३०२.६० ने सुरू होतो, नेहमीची ड्युटी ९.१ टक्के, म्हणजे १,८२० डॉलर. त्याच मालाच्या ओळीत ९९०३ ने सुरू होणारे आणखी दोन कोड दिसतील. एक ९९०३.०२ वाला, २५ टक्के, ५,००० डॉलर. दुसरा ९९०३.०१ वाला, रशियन तेलाचा, आणखी ५,०००. खाली मर्चंडाइज प्रोसेसिंग फी ०.३४६४ टक्के, म्हणजे ६९ डॉलर २८ सेंट, आणि बंदराच्या देखभालीची फी ०.१२५ टक्के, २५ डॉलर. यातले परत मागायचे ते फक्त मधले १०,००० आणि त्यावरचं व्याज. ९.१ टक्के गेले ते गेले, फिया गेल्या त्या गेल्या. पण सगळेच ९९०३ रद्द नाहीत, ही इथली मेख. पोलादाचे ९९०३.८१ आणि चिनी मालावरच्या जुन्या कलम ३०१ चे ९९०३.८८ हेसुद्धा त्याच घराण्यातले, पण ते जिवंत आहेत. एक्सेलमध्ये नुसता '९९०३' चा फिल्टर लावून बेरीज मारली तर आकडा फुगतो आणि मग समोरच्याशी वाद होतो. पहिल्या आठवड्यात मी स्वतः अशी बेरीज करून एका पार्टीला आकडा कळवला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो निम्म्यावर आणताना जीभ अडखळली होती.

या बंदराच्या फीची एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या निर्यातीच्या मालावर ती आकारणं घटनाबाह्य असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच १९९८ मध्ये ठरवलं होतं, आणि तेव्हाही परतावे द्यावे लागले होते. फार जुन्या भरण्यांचे पुरावे मात्र मागणाऱ्यालाच काढून द्यावे लागले. म्हणून ब्रोकरकडे सगळं आहेच, असं म्हणून निवांत बसू नका. प्रत्येक एंट्रीचा, म्हणजे ७५०१ भरून सोडवलेल्या प्रत्येक मालाचा, अकरा जागांचा नंबर, तारीख, ९९०३ ची रक्कम आणि ती भरल्याचा बँकेचा उतारा, हे एका तक्त्यात आजच ओढून घ्या.

तक्त्यात आणखी एक रकाना हवाच: लिक्विडेशनची तारीख. माल सुटताना भरलेली ड्युटी तात्पुरती असते. कस्टम्स ती पक्की करतं साधारण ३१४ दिवसांनी, त्याला लिक्विडेशन म्हणतात. २७ ऑगस्ट २०२५ ची एंट्री घेतली तर ती तारीख पडते ७ जुलै २०२६ च्या आसपास. पक्की झाल्यावर हरकत नोंदवायला १८० दिवस मिळतात. तीही मुदत गेली तर प्रश्न वकिलाचा होतो, कागदपत्रांच्या माणसाचा राहत नाही. मार्च २०२६ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने निकालाचा लाभ सगळ्याच इंपोर्टर ऑफ रेकॉर्डना मिळावा असा आदेश दिला, आणि २० एप्रिलला कस्टम्सने 'केप' नावाची ऑनलाइन सोय सुरू केली. इंपोर्टरने किंवा त्याच्या ब्रोकरने एंट्री नंबरांची सीएसव्ही फाइल (एक्सेलमधून निघणारा साधा तक्ता) चढवायची, इतकं ते सुटसुटीत. पण पहिल्या टप्प्यात जागा मिळाली ती पक्क्या न झालेल्या आणि पक्क्या होऊन ८० दिवसांच्या आतल्या एंट्रींना. म्हणून तक्ता लिक्विडेशनच्या तारखेप्रमाणे लावा, रकमेप्रमाणे नव्हे. मोठ्या रकमेकडे आधी धावायचा मोह होतो, आणि छोट्या एंट्रीची मुदत मागच्या मागे निघून जाते.

पैसे येणार कसे, हे वेगळं तपासा. ६ फेब्रुवारी २०२६ पासून अमेरिकी कस्टम्सने परताव्याचे चेक बंद करून सगळं थेट खात्यावर जमा करायचं ठरवलंय. त्यासाठी कस्टम्सच्या 'एस' (ACE) या ऑनलाइन पोर्टलवर खातं हवं, त्यात परताव्यासाठी बँकेचा तपशील भरलेला हवा, आणि बँक अमेरिकेतली हवी. ड्युटी कापून घेण्यासाठी दिलेला बँक तपशील वेगळा आणि परताव्याचा वेगळा. तो भरलेला असला म्हणजे हा भरला असं होत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किराण्याचं दुकान चालवणाऱ्या आपल्या माणसापासून मोठ्या आयातदारापर्यंत सगळ्यांना हे सारखंच लागू. पोर्टलचं खातं ब्रोकरने स्वतःच्याच ईमेलवर काढून ठेवलंय आणि मालकाला पासवर्ड ठाऊक नाही, असं असेल तर आधी ते सोडवा.

डीडीपीवर माल विकणाऱ्या इथल्या निर्यातदारांचं प्रकरण थोडं निराळं. 'दारात पोच, ड्युटी आमची' असा सौदा केला असेल तर कधी कधी ७५०१ वर तुमच्याच कंपनीचं नाव असतं, ड्युटीची हमी देणारा कस्टम्सचा बाँडही तुमच्याच नावावर असतो. अशांचा हक्क सरळ आहे, अडचण फक्त अमेरिकेतल्या खात्याची. आणि डीडीपी असूनही नाव गिऱ्हाइकाचं किंवा वाहतूक जुळवणाऱ्या फॉरवर्डरचं लागलेलं असू शकतं. सौद्याच्या अटीवर जाऊ नका, फॉर्म बघा.

आता मुख्य दुखणं. आपल्याकडचे बहुसंख्य निर्यातदार एफओबीवर, म्हणजे माल इथे जहाजावर चढवून देण्याच्या बोलीवर, विकतात आणि टॅरिफचा वाटा त्यांनी दर कमी करून सोसला. अमेरिकी कस्टम्सच्या लेखी त्यांनी काहीच भरलेलं नाही. त्यांचा दावा आहे तो गिऱ्हाइकाशी, आणि तो उभा राहतो फक्त लिहिलेल्या शब्दावर. म्हणून त्या काळातले ईमेल, बदललेल्या पर्चेस ऑर्डर, क्रेडिट नोट, व्हॉट्सअॅपवरचं 'टॅरिफमुळे १० टक्के कमी करा' हे सगळं तारखेनिशी काढा. सवलत टॅरिफसाठी दिली असं जिथे लिहिलंय तिथे बोलायला जागा आहे. नुसतंच 'बेस्ट प्राइस' लिहिलं असेल तर उरतो तो संबंधांचा भरवसा. माझं मत विचाराल तर पहिलं पत्र वकिलाचं नको, तुमचंच असावं, सोबत आकड्यांचा तक्ता, आणि मागणी पुढच्या ऑर्डरच्या दरात वळती करण्याचीही चालेल अशी. व्याजात वाटा मागणार असाल तर तेही त्याच पत्रात लिहा. रोख पैसे येणार असतील तर आधी तुमच्या बँकेच्या फॉरेन एक्स्चेंज विभागात जाऊन विचारा. शिपिंग बिलाची (निर्यातीच्या आपल्याकडच्या कस्टम्स कागदाची) रक्कम कमी करून मिटवलेली असेल, तर नंतर आलेले डॉलर कुठल्या नावाखाली दाखवायचे हे पैसे येण्याआधी ठरलेलं बरं. आणि ड्युटी वाचवायला इन्व्हॉइसवर मुद्दाम कमी किंमत टाकली असेल, तर ते ईमेल पुढे करण्याआधी दहा वेळा विचार करा.

दावा आजच रोखीने विकत घेतो म्हणणारे भेटतील, त्यांना घाईने सही देऊ नका. 'फी भरा, परतावा सोडवतो' म्हणणाऱ्यांचा फोन तर ठेवूनच द्या.

शेवटी घरगुती पार्सलं. कुरिअरने पाठवलं असेल आणि घेणाऱ्याने दारात ड्युटी भरली असेल, तर ते बिल त्याच्याकडून मागवा. त्यावरची ड्युटी आणि कुरिअरची स्वतःची हाताळणी फी या दोन वेगळ्या ओळी असतात, फीवर भिस्त ठेवू नका. कस्टम्समध्ये नाव बहुधा कुरिअर कंपनीचंच लागतं, त्यामुळे आधी तिला पैसे मिळायला हवेत. मिळाले की ज्यांनी भार सोसला त्यांना परत देऊ, असं फेडेक्सने जाहीर केलेलं आहे. तुमच्या कंपनीचं म्हणणं ट्रॅकिंग नंबर हाताशी ठेवून विचारा. पोस्टाचं असं, की २५ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेची पार्सलं थांबली आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर असताना, पुन्हा सुरू झाली. तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के ड्युटी इथेच काउंटरवर घेतली जायची. मात्र १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूला ती माफ होती. मुलीला चकल्या-अनारसे भेट म्हणून पाठवले आणि किंमत त्याखाली लिहिली असेल, तर तुम्ही ड्युटी भरलेलीच नाही, परत काय मागणार? पैठणीचं पार्सल असेल तर गोष्ट वेगळी. त्याची पावती शोधा, पोस्टात लेखी विचारणा करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. आणि पावतीचा फोटो आजच काढा. मी पाहिलेल्या दोन पावत्यांवर पार्सलचा नंबर वाचता येत होता, रक्कम उडून गेली होती.