फुलं भरपूर, फळ एकही नाही? परागीभवनातल्या या चुका टाळा

वेलीची फुलं गळायला लागली की हात आधी खताकडे जातो. नत्र वाढवलं की पाला माजतो, फुलगळ तशीच राहते. आधी फूल उलटून पाहा. भोपळा, काकडी, कारलं यांच्या मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं फळ असतं. नर फूल नुसत्या देठावर उभं असतं. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात आणि ती गळणारच. तो रोग नव्हे.

मादी फुलाखालचं फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडलं किंवा वाकडं वाढलं, तर बहुधा पराग कमी पडले. मग हातानं परागीभवन करायचं, म्हणजे नर फुलातली परागांची पूड मादी फुलावर पोचवायची. इथे वेळ चुकते. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दुपारपर्यंत मिटतं आणि पुन्हा उघडत नाही, म्हणून सकाळी 9 च्या आत उरका. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात.

त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या काढा, मधल्या दांडीला बोट लावून पाहा. पिवळी पूड लागली तरच ते कामाचं. मादी फुलाच्या मधोमध कुक्षीच्या, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाच्या, फुगीर पाळ्या दिसतात. त्या सगळ्यांवर दांडी हलकेच फिरवा. एकाच पाळीला पराग लागले तर फळ एका बाजूनं खुरटतं. एका मादी फुलाला 2 नर फुलं वापरलेली बरी. फुलांवर पाणी मारू नका, भिजलेले पराग फुटतात.

बिनबियांच्या काकडीच्या जातीला परागीभवन लागतच नाही. तिथे हात लावलात तर बिया धरतात आणि काकडी बेढब होते.

टोमॅटोला ब्रश फिरवणं बहुतेक वाया जातं. त्याचे पराग पुंकेसरांच्या (फुलातल्या नर भागांच्या) नळीत आत असतात, हादरा बसला की खाली झडतात. भुंगे गुणगुणून तो हादरा देतात. मधमाशीला ते जमत नाही. कोरड्या हवेत, दुपारच्या आत, फुलांच्या घोसामागच्या देठाला टिचकी मारा. पारा 35 अंशांच्या वर राहिला तर परागच निकामी होतात. तेव्हा सावलीची जाळी लावा.

मका एकाच ओळीत लावू नका. कणसाच्या प्रत्येक केसाला पराग मिळाला तरच त्याचा दाणा भरतो, आणि पराग वारा आणतो. किमान 4 छोट्या ओळींचा चौकोन करा.

फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. संध्याकाळी फवारलं की मधमाश्या वाचतात, हा भरवसा आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणाऱ्या, औषधांना लागू नाही. ती झाडातून फुलातल्या मकरंदात आणि परागात उतरतात.