बाटल्यांचं कॅपिंग मशीन घेताय? या चुका टाळा

मशीन आधी घ्यायचं आणि बाटल्या मागून शोधायच्या, बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मोसंबीचं स्क्वॅश भरायचं असो की केशर आंब्याचा रस, आधी बाटलीचं तोंड बघा. भंगारवाल्याकडच्या ६५० मिलीच्या बिअरच्या बाटल्यांना २६ मिमीचं क्राऊन झाकण लागतं. पोरं खेळतात तो बिल्ला. शॅम्पेनच्या धर्तीच्या काही परदेशी बाटल्यांना २९ मिमीचं लागतं, ते २६ च्या मशीनवर कितीही जोर लावला तरी बसत नाही. तोंडाला आटे असलेली बाटली तर घेऊच नका.

(बिअरचे कारखाने वाळूजला आहेत म्हणून घरीही करून बघू, असं कुणी म्हणत असेल तर थांबा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती बनवता येत नाही.)

दोन दांड्यांचं हातमशीन स्वस्तात येतं आणि घरापुरतं पुरतं. त्याच्या पट्ट्या बाटलीच्या मानेवरच्या काचेच्या कड्याखाली धरतात. कडं नसेल किंवा अगदी बारीक असेल तर पट्टी सटकते, जोर तिरका पडतो आणि मान तुटते. दांड्या दोन्ही हातांनी सारख्याच दाबा. बाटल्या जास्त असतील तर सरळ स्टँडचं मशीन घ्या. फक्त बाटल्या एका उंचीच्या ठेवा, नाहीतर दर बाटलीला उंची बदलत बसावं लागतं. हातोडीने ठोकायचा साचा कितीही स्वस्त मिळो, काचेवर हातोडी नकोच.

गळती लागली तर? एखादीच बाटली गळत असेल तर दोष बाटलीचा: ओठावरून नख फिरवा, टवका हाताला लागतो. सगळ्याच गळत असतील तर मशीन नीट दाबत नाही. झाकण बोटांनी फिरत असेल तरी तेच. जुनी झाकणं ठोकून सरळ करून पुन्हा लावू नका. आतलं अस्तर एकदा दबलं की पुन्हा तसं बसत नाही.

घट्ट झाकण म्हणजे माल टिकला, हाही गैरसमज. रस नीट तापवला नसेल तर आपल्या उन्हाळ्यात तो आंबतो, आत वायू साठतो आणि बाटली फुटते. झाकण फुगलेलं दिसलं तर ती बाटली चाखून बघू नका.

दुकानात जाताना आपल्याच दोन बाटल्या पाण्याने भरून न्या. तिथेच झाकण लावून घ्या, बाटली उलटी धरा, झाकण पिळून बघा, मग पैसे द्या.