महागडा लायटर अस्सल की नकली? तपासताना या चुका टाळा

ड्यूपाँ किंवा डनहिल कंपनीचा जुना लायटर हातात आला की बहुतेक जण तीनच गोष्टी करतात. झाकण उघडून आवाज ऐकतात, तळहातावर तोलून बघतात आणि तळावरचं नाव वाचतात. नकली माल बनवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे तो सगळी मेहनत या तीन जागी ओततो. झाकणाची आतली बाजू, बिजागरीची खीळ, गॅस भरायचं तोंड इथे मात्र त्याचा हात आखडतो, कारण तिथली सफाई महाग पडते आणि गिऱ्हाईक तिथे डोकावत नाही. लायटर तपासताना फसणारे बहुतेक जण याच एका कारणाने फसतात. आणि बरेच लोक उलट्या बाजूने चुकतात, म्हणजे अस्सल वस्तू नकली समजून सोडून देतात. दोन्ही प्रकारच्या चुका पाहू.

झाकणाच्या आवाजावर विसंबणं

एस. टी. ड्यूपाँ ही १८७२ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली कंपनी. तिचा पहिला लायटर १९४१चा, तो पेट्रोलवर चालायचा. गॅसचा लायटर १९५२मध्ये आला आणि आज सगळ्यात जास्त नक्कल होणारं ‘लीन्य २’ हे मॉडेल १९७७मध्ये. झाकण उघडताना त्याचा जो टण्ण असा स्वच्छ, घुमणारा आवाज येतो त्यावर लोक अक्षरशः जीव टाकतात. म्हणूनच नकली लायटरांनाही आता तो आवाज असतो. बारकाईने ऐकलं तर तो जरा पातळ असतो आणि पटकन विरतो, पण शेजारी अस्सल लायटर नसेल तर हा फरक कानाला कळणं कठीण. शिवाय ड्यूपाँची सगळीच मॉडेल्स अशी वाजत नाहीत. वापरलेल्या अस्सल लायटरमध्ये झाकण आणि अंग जिथे एकमेकांना टेकतात तिथे मळ साचला की आवाज बसतो. तेव्हा आवाज आला म्हणून घेऊ नका, आला नाही म्हणून टाकू नका.

जड आहे म्हणजे अस्सल आहे

या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धंच. चांगल्या लायटरचं अंग सहसा पितळेचं असतं. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण ८.४ ते ८.७ ग्रॅम. नकली लायटर बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला असतो आणि त्याची घनता ६.६ ते ६.७च्या आसपास. सारख्याच आकारमानाला हा धातू पाचव्या हिश्शाहून जास्त हलका पडतो. ही तूट भरून काढायला भिंती जाड केल्या जातात किंवा आत भार बसवला जातो, आणि तळहाताला काही कळत नाही. वजनाचा उपयोग करायचाच असेल तर टाकी रिकामी करून काट्यावर मोजा आणि त्याच मॉडेलच्या, त्याच आकाराच्या खात्रीच्या लायटरशी ताडून पाहा.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे कडा. ओतीव धातूच्या कडा किंचित गोलसर, मऊ दिसतात. कोपऱ्यात साच्याची रेघ राहते, मुलाम्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तिरपा प्रकाश एवढं पुरे. उजेड समोरून नको, बाजूने टाका. समोरच्या उजेडात मुलामा चमकतो आणि सगळे दोष झाकून टाकतो.

चुंबकाची परीक्षा

ही परीक्षा कुठून पसरली ठाऊक नाही, पण ती सोडून द्या. पितळ, जस्त, सोनं, चांदी यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे अस्सल आणि नकली दोघंही ‘पास’ होतात.

उलट ती एका फार मोलाच्या लायटरला नापास करते. अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड, पेनसिल्वेनिया इथे १९३२मध्ये सुरू झालेल्या झिप्पोने दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई झाल्यावर पोलादी अंगाचे लायटर बनवले आणि त्यांवर काळा, सुरकुतल्यासारखा रंग दिला. ते चुंबकाला चिकटतात आणि संग्राहक त्यांच्यासाठी वाट पाहत बसतात.

तळावर चूक दिसली म्हणजे नकली

याच युद्धकालीन झिप्पोंच्या तळावर पेटंटचा क्रमांक २०३६९५ असा छापलेला आहे. खरा क्रमांक २०३२६९५. मधला एक आकडा कंपनीकडूनच गळला. ‘बरोबर क्रमांक म्हणजे अस्सल’ असं मानणारा माणूस इथे नेमका अस्सल लायटर हातातून घालवतो.

‘कुठे बनवलं’ या ओळीचंही तसंच. डनहिल लंडनची, म्हणून तळावर इंग्लंडच असलं पाहिजे असं लोक धरून चालतात. पण १९५६मध्ये आलेला त्यांचा प्रसिद्ध ‘रोलागॅस’ स्वित्झर्लंडमध्ये बनायचा आणि तळावर तसंच लिहिलेलं असतं. झिप्पोचा कारखाना १९४९ ते २००२ या काळात कॅनडातल्या नायगारा फॉल्स इथेही होता. सुरुवातीच्या दिवसांत मी असा एक नायगारा फॉल्सचा ठसा असलेला झिप्पो ‘ब्रॅडफर्ड लिहिलेलं नाही’ म्हणून परत केला होता. त्याची बिजागरी, वात, चाक सगळं निर्दोष होतं, मी फक्त एक शब्द वाचला आणि थांबलो. त्याची हळहळ अजून वाटते.

ठशात काय लिहिलंय यापेक्षा तो कसा उमटलाय हे पाहा. धातूत दाबून उमटवलेल्या अक्षराला तळ असतो, भिंती असतात, खोली सारखी असते. लेझरने जाळलेलं अक्षर उथळ आणि करड्या रंगाचं दिसतं, भिंगाखाली त्यात ठिपक्यांच्या ओळी दिसतात. पण अलीकडचे अस्सल लायटरही लेझरने कोरलेले असतात, त्यामुळे ही खूण जुन्या मॉडेलांपुरतीच धरा. सत्तरच्या दशकातला म्हणून विकला जाणारा लायटर आणि तळावर लेझर, हे गणित जुळत नाही.

अनुक्रमांकाची एक साधी, फार उपयोगी तपासणी आहे. अस्सल ड्यूपाँवर प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक असतो. नकली बनवणारा एकच ठसा करून शेकडो नगांवर मारतो. विकत घेण्याआधी तो क्रमांक इंटरनेटवर शोधा. दुसऱ्या कुणाच्या फोटोत, वेगळ्या रंगाच्या लायटरवर तोच क्रमांक दिसला तर पुढे बोलायची गरज उरत नाही.

झिप्पोचं साल न वाचणं

झिप्पोच्या तळावर सालाची सांकेतिक खूण असते आणि ती वाचायला दोन मिनिटांत शिकता येते. १९६६ ते १९७३ या काळात उभ्या रेघा आहेत. १९६६ला दोन्ही बाजूंना चार-चार म्हणजे एकूण आठ, पुढे दरवर्षी एक रेघ कमी होत १९७३ला एकच. १९७४ ते १९८१ला हाच क्रम उजवीकडे कललेल्या रेघांचा, १९८२पासून डावीकडे कललेल्या. १९८६च्या मध्यापासून महिन्यासाठी इंग्रजी वर्णमालेतलं पहिल्या बारांपैकी एक अक्षर आणि वर्षासाठी रोमन अंक आला. रोमन दोन म्हणजे १९८६, रोमन सोळा म्हणजे २०००. २००१पासून वर्षाचे शेवटचे दोन आकडे सरळ लिहिलेले असतात.

हे ठाऊक असलं की व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचे म्हणून विकले जाणारे ढीगभर लायटर एका नजरेत गळतात. अंगावर १९६८ आणि दा नांग कोरलेलं, तळावर मात्र डावीकडे कललेल्या रेघा. खरी पंचाईत पुढे आहे. काही जण त्याच काळातला कोरा, अस्सल लायटर घेतात आणि त्यावर आज मजकूर कोरतात. अशा वेळी लायटर खरा, त्याची कहाणी खोटी. इथे भिंग कोरलेल्या रेघेच्या आत घाला. अंगावर पन्नास वर्षांचे ओरखडे असतील तर त्यांपैकी काही त्या अक्षरांवरूनही गेलेले दिसले पाहिजेत. ओरखडा रेघेच्या कडेला येऊन थांबत असेल आणि रेघेच्या तळाशी पितळ ताजं पिवळं असेल, तर कोरीव काम नंतरचं आहे.

आतला भाग आणि बाहेरचं अंग यांची सालं जुळली नाहीत तर लगेच घाबरू नका. झिप्पो कंपनी लायटर फुकट दुरुस्त करून देते आणि त्यात आतला भाग सर्रास बदलला जातो. त्याने संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते, पण लायटर नकली ठरत नाही.

सोनेरी म्हणजे सोन्याचा

तळावर २० माइक्रॉन असं लिहिलं असेल तर तो मुलामा आहे. २० माइक्रॉन म्हणजे ०.०२ मिलिमीटर. मुलाम्याच्या मानाने हा थर जाड, दर्जेदारच, पण अंग सोन्याचं नव्हे. फ्रान्समध्ये १८ कॅरट सोन्याच्या वस्तूवर गरुडाच्या डोक्याचा सरकारी शिक्का असतो, चांदीवर मिनर्व्हा देवतेच्या मस्तकाचा. ब्रिटनमधल्या स्टर्लिंग चांदीवर चालणारा सिंह दिसतो. एकाच लायटरवर गरुडही आहे आणि माइक्रॉनही लिहिलेत, असं दिसलं तर विक्रेत्याला खुलासा विचारा.

लाखेचं काम असलेल्या ड्यूपाँवर अॅसिटोन लावून किंवा सुई टोचून बघायचा सल्ला काही जण देतात. कृपा करून असलं काही करू नका, अस्सल असला तर कायमचा बिघडेल. खऱ्या लाखेचे अनेक थर चढवून घासलेले असतात. धातूच्या चौकटीला लाख जिथे भिडते तिथली सांधरेषा बोटाला जवळजवळ जाणवत नाही. साधा रंग तिथे एक तर पायरी करतो, नाही तर धातूवर ओघळतो.

खोका आणि कागद पाहून निश्चिंत होणं

रिकामे अस्सल खोके स्वतंत्र विकले जातात. एवढं सांगितलं की पुरे.

बिघडलेला लायटर नकली समजणं

लोक सगळ्यात जास्त अस्सल लायटर इथेच गमावतात. जुन्या गॅस लायटरमधली रबरी रिंग वर्षानुवर्षं पडून सुकते, आक्रसते आणि गॅस गळू लागतो. हा वयाचा दोष आहे आणि रिंग बदलली की जातो. गळती शोधायला व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा, बुडबुडे आले तर गळतो. काडी पेटवून मात्र कधीही बघू नका.

गॅस भरूनही ज्योत मिणमिणती असेल तर बहुधा टाकीत हवा अडकलेली असते. व्हॉल्व्ह दाबून टाकी पूर्ण रिकामी करा, ज्योतीचा स्क्रू सगळ्यात खाली आणा, लायटर उलटा धरून वरून गॅसचा डबा दाबा आणि मग पाच-दहा मिनिटं थांबा. भरताना गॅस गार होतो, म्हणून लगेच पेटवलं तर ज्योत धड येत नाही. ड्यूपाँच्या जुन्या लायटरांना त्यांच्याच आट्यांचा, रंगाने ओळखायचा डबा लागतो. नेहमीचा डबा बसला नाही हे काळजीचं कारण मुळीच नाही. जुन्या ‘लीन्य २’च्या तळाशी आट्यांऐवजी कुठल्याही डब्याला चालणारं साधं तोंड दिसलं, तर मात्र शंका घ्या.

झिप्पो आठवड्याभरात कोरडा पडतो ही तक्रारही नेहमीची. त्यातलं इंधन वापरलं नाही तरी उडून जातं, सगळ्याच झिप्पोंमधून जातं.

इतकं पाहूनही मन साशंक असेल तर लायटर त्या ब्रँडच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात दाखवा. नकली वस्तूला ते सहसा हात लावत नाहीत, आणि त्यांचा नकार हेच उत्तर असतं. देताना ‘पॉलिश करू नका’ असं लेखी सांगा, कारण घासलेल्या मुलाम्याबरोबर जुने ठसेही पुसट होतात. आणि नकली निघाला तर तो खिशात वापरू नका. अशा लायटरचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा कच्चा असतो आणि त्यातला ब्यूटेन गॅस हवेपेक्षा जड असल्याने बंद जागेत खाली साचून राहतो. घराबाहेर, मोकळ्या जागी, आगीपासून दूर टाकी रिकामी करा आणि मगच तो ठेवा किंवा टाका.