मराठी लेखात ग्रीक शब्द: स्वरचिन्हांचं कोडं कसं सुटलं

लाटेक या मजकूर छपाईसाठी जुळवणाऱ्या संगणकप्रणालीत मराठी लेख लिहिताना मधेच ‘अँथ्रोपोस’, ‘लोगोस’ असे शब्द ग्रीक लिपीत हवे होते. आधी सवयीने गणिताच्या आज्ञा वापरल्या. अक्षरं तिरकी आली, शब्द विस्कटला, कारण तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे वेगळं चलपद. ओमिक्रॉन या ग्रीक अक्षराला तर मूळ लाटेकमध्ये आज्ञाच नाही. गणिताची अक्षरं गणितालाच ठेवावीत, हे माझं ठाम मत झालं.

मग झीलाटेक ही लाटेकची युनिकोड समजणारी आवृत्ती घेतली आणि फॉन्ट निवडायच्या फॉन्टस्पेक या पॅकेजने ग्रीकसाठी जेंटियम हा वेगळा फॉन्ट नेमला. पण त्याआधी दुसऱ्या एका फॉन्टवर दोन दिवस गेले. ‘अँथ्रोपोस’मधल्या पहिल्या अल्फावर श्वासचिन्ह (सुरुवातीला ‘ह’चा उच्चार आहे की नाही हे दाखवणारं) आणि आघात दोन्ही असतात. नेमकं तेच अक्षर गायब, जागी रिकामा चौकोन, बाकी शब्द व्यवस्थित! युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, साधी ग्रीक अक्षरं एका विभागात आहेत, तर प्राचीन ग्रीकची बहुतेक चिन्हांकित अक्षरं १एफ०० या संकेतांकापासून सुरू होणाऱ्या वेगळ्या विभागात. त्या फॉन्टमध्ये हा दुसरा विभागच नव्हता. ग्रीसने १९८२ मध्ये एकाच आघातचिन्हाची पद्धत स्वीकारली, त्यामुळे आधुनिक ग्रीकपुरता बनवलेला फॉन्ट इथे अडतो.

एक गोष्ट उरली. पीडीएफमध्ये ‘लोगोस’ शोधला की काही ठिकाणी सापडेना. त्यातल्या आघातवाल्या ओमिक्रॉनला दोन संकेतांक आहेत, दिसायला सारखेच. सगळा मजकूर एनएफसी रूपात, म्हणजे अशा जोडीतला एकच संकेतांक ठेवणाऱ्या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणला, आणि शोध नीट चालू लागला.