सातवा सामना पुण्यातून कसा बघायचा

खडकीत वाढलेल्या माणसाला हॉकीचं वेड लावावं लागत नाही. धनराज पिल्ले इथलेच. पण बर्फावरच्या हॉकीत तो काळा पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली रबराची चकती, पाच मिनिटांत डोळ्यांआड होतो आणि लोक कंटाळून चॅनल बदलतात. माझं ऐका, सुरुवात एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, प्लेऑफमधल्या सातव्या सामन्यानेच करा. चार सामने जिंकेल तो पुढे. ३-३ झालं की सातवा, हरला तो घरी.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला लागतो. गजर पाचचा लावा, चहा आधीच करून घ्या.

आता मुख्य गोष्ट. पकमागे धावू नका, राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बघा. खेळ चालू असतानाच गोलकीपर सोडून पाचही जण बदलतात, साधारण पाऊण मिनिटाला, कठड्यावरून टुणकन उडी मारून. सामन्याचे तीन पिरियड, म्हणजे तीन भाग असतात; दुसऱ्यात बाजू बदलतात, त्यामुळे आपला बाक आपल्या गोलपासून लांब जातो. दमलेले पाच जण तिथे अडकले की बाकापर्यंत पोचताच येत नाही. पाय जड होतात, काठ्या गुडघ्यांवर टेकतात. अशा वेळी डोळ्याचं पातं लवू देऊ नका.

ऑफसाइड आपल्या हॉकीतून केव्हाच गेला, इथे अजून आहे: समोरच्या संघाच्या बाजूच्या निळ्या रेषेपलीकडे आधी पक, मग माणूस. एवढं पुरे.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत पिछाडीवरचा संघ गोलकीपर काढून सहावा खेळाडू उतरवतो. २०२४ च्या अंतिम मालिकेत एडमंटन ०-३ वरून ३-३ वर आला होता. सातव्या सामन्यात फ्लोरिडाच्या सॅम राइनहार्टने दुसऱ्या पिरियडमध्ये २-१ केलं, ते शेवटपर्यंत टिकलं. गोल मोकळा टाकून एडमंटनने केलेली ती धडपड जमलं तर पूर्ण बघा, हायलाइट्समध्ये निम्मीही कळत नाही. एडमंटनचा मॅकडेव्हिड हरूनही प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि माझ्या मते ते योग्यच होतं.

बरोबरी झाली तर प्लेऑफमध्ये शूटआउट नसतो. वीस-वीस मिनिटांचे पूर्ण पिरियड, पहिला गोल पडेपर्यंत. एरवी साडेआठपर्यंत आटपतं, पण त्या दिवशी हिंजवडीतली पहिली मीटिंग अकराच्या आत घेऊ नका.