जीटीके घरी बिल्ड करा आणि मराठीचा बग योग्य दारी न्या

फायनल इयरला स्वतःची जीयूआय टूलकिट (पडद्यावरचे घटक रेखाटणारी लायब्ररी) लिहायचा बेत असेल तर तो सोडा. खिडकी, बटण, मेन्यू हे सगळं जमतं. गाडी अडते ती मजकुराशी. त्यापेक्षा जीटीके घ्या. सी भाषेत लिहिलेली, एलजीपीएल या मुक्त परवान्याची ही टूलकिट मुळात जिंप या चित्रसंपादकासाठी जन्मली आणि आज ग्नोम डेस्कटॉप तिच्यावर उभा आहे. मराठी वाचता येणाऱ्या माणसाला तिच्यात खरोखरीचं काम आहे. परदेशातल्या मेंटेनरला ‘दऱ्या’ नीट उमटलं की नाही हे नुसतं बघून कळणार नाही, तुम्हाला कळेल.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

हे सगळं लिनक्सवर. आधी अवलंबित पॅकेजं, म्हणजे बिल्डला लागणारी इतर सॉफ्टवेअरं. फेडोरावर ‘सुडो डीएनएफ बिल्डडेप जीटीके४’ पुरतं. उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप जीटीके४’, पण त्याआधी सोर्स रिपॉझिटरी चालू हवी. २४.०४ मध्ये उबुंटू-डॉट-सोर्सेस फाइलीत ‘टाइप्स’च्या ओळीत डेब-एसआरसी हा शब्द जोडा आणि ‘ॲप्ट अपडेट’ करा. हे विसरलं की सोर्स रिपॉझिटरीच नाही अशी तक्रार येते.

मग ग्नोमच्या गिटलॅबवरून (कोड ठेवायची जागा) सोर्स क्लोन करा, म्हणजे उतरवून घ्या. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर ‘डेप्थ १’चा (फक्त शेवटचा कमिट आणण्याचा) मोह टाळा; अशा उथळ क्लोनवर पुढे रिबेस करताना (आपले कमिट ताज्या कोडवर पुन्हा बसवताना) इतिहास अपुरा पडतो. ‘फिल्टर’ पर्यायाला ‘ब्लॉब:नन’ दिलं तर कमिटांचा इतिहास पूर्ण येतो आणि जुन्या फाइली लागतील तेव्हाच उतरतात.

मेसन हे बांधणीची तयारी करणारं साधन. ‘मेसन सेटअप बिल्ड’ हे जीटीकेच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवायचं. ‘बिल्ड’ हे वेगळं उपफोल्डर असायलाच हवं, कारण मेसन सोर्सच्या मुळातच बिल्ड करायला साफ नकार देतं. पहिल्या वेळी डॅश-डी (हा डी कॅपिटल) लावून मीडिया-जीस्ट्रीमर (व्हिडिओ), व्हल्कन (ग्राफिक्स) आणि इंट्रोस्पेक्शन (इतर भाषांतून जीटीके वापरण्याची सोय) हे तिन्ही पर्याय ‘डिसेबल्ड’ करा. मजकुराच्या कामाला त्यातलं काहीच लागत नाही.

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. मेन ब्रँचला (ताज्या कोडची शाखा) हवी असलेली ग्लिब (जीटीकेच्या पायाची लायब्ररी) तुमच्या डिस्ट्रोतल्या ग्लिबपेक्षा नवी असू शकते. तसं असलं की मेसन तिचा सोर्स सबप्रोजेक्ट म्हणून उतरवतं आणि सोबत बांधतं. बिल्ड लांबतं, ते ठीक. पण इंट्रोस्पेक्शन चालू असेल तर नवी ग्लिब आणि सिस्टिममधली जुनी साधनं यांचं जमत नाही आणि भलत्याच ठिकाणी एरर येते. म्हणून तर ते वर बंद केलं. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे ‘टूलबॉक्स क्रिएट’ करून ताज्या फेडोराच्या कंटेनरमध्ये काम करणं. जुन्या स्थिर ब्रँचवर बिल्ड सोपं जातं, पण पॅच (तुमचा बदल) मेनवरच द्यावा लागतो.

‘मेसन कंपाइल डॅश-सी बिल्ड’ने बांधणी सुरू होते (हा सी कॅपिटल). लॅपटॉप गुदमरत असेल तर ‘डॅश-जे ४’ देऊन एका वेळची कामं कमी करा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि डेस्कटॉप मधेच बंद पडला तरी सगळं पुन्हा करावं लागत नाही, निंजा (प्रत्यक्ष बांधणी करणारं साधन) राहिलेल्या फाइलींपासून पुढे जातो. फक्त लिंक करताना ‘फाइल ट्रंकेटेड’ असं दिसलं तर अर्धवट लिहिली गेलेली ती ऑब्जेक्ट फाइल पुसून पुन्हा कंपाइल करा.

इन्स्टॉल करू नका. निदान ‘स्लॅश-यूएसआर’मध्ये तर अजिबात नको, चालू डेस्कटॉपची लायब्ररी बदलली तर लॉगिनलाच मुकाल. ‘मेसन डेव्हएन्व्ह डॅश-सी बिल्ड’ने (इथेही सी कॅपिटल) उघडणाऱ्या शेलमध्ये तुमचीच लायब्ररी वापरली जाते. तिथे ‘जीटीके४-डेमो’ आणि ‘जीटीके४-विजेट-फॅक्टरी’ चालवून बघा. त्यांच्याआधी ‘जीटीके_डीबग=इंटरॅक्टिव्ह’ लावलंत (डावी बाजू कॅपिटल अक्षरांत) तर इन्स्पेक्टर उघडतो आणि प्रत्येक विजेटची (बटण, मेन्यूसारखा घटक) मापं, सीएसएस, फॉन्ट समोर दिसतात.

आता मराठी. लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) बसलेलं हवं: फेडोरावर ‘जीलिबसी-लँगपॅक-एमआर’, उबुंटूवर ‘लोकेल-जेन’. मग ‘एलसी_ऑल’ला (हेही कॅपिटल) मराठी-भारत-यूटीएफ-८ ची, म्हणजे ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ ही किंमत (आयएन आणि यूटीएफ कॅपिटल) देऊन डेमो चालवा. हे हौसेखातर नाही. पँगो (मजकुराची मांडणी करणारी लायब्ररी) मजकुराची भाषा लोकेलवरून ठरवतं, आणि ल व श यांची मराठी वळणाची रूपं फॉन्टमध्ये असली तरी भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय ती निवडली जात नाहीत.

टायपिंगसाठी एक्सकेबीचा (सिस्टिमची कीबोर्ड-व्यवस्था) इनस्क्रिप्ट लेआउट घ्या. आयबस या टायपिंगच्या वेगळ्या सेवेच्या भरवशावर राहिलात तर तुमच्या बिल्डला सिस्टिमचं मॉड्यूल सापडेलच असं नाही. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्या म्हणजे शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. दऱ्या, दर्या, कुऱ्हाड, तऱ्हा लिहा. तोच अर्धा र साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) अशा क्रमानेही लिहा. दोन्ही क्रम सारखेच उमटले पाहिजेत. बाणाने पुढे-मागे जाताना कर्सर जोडाक्षराच्या पोटात भलतीकडे उभा राहतो का, बॅकस्पेसने किती पुसलं जातं, ओळ कुठे मोडते, हे पाहा.

चूक सापडली की लगेच जीटीकेवर तक्रार टाकू नका. मजकूर चार हातांतून जातो: फॉन्ट, हार्फबझ (फॉन्टमधली योग्य रूपं निवडणारी लायब्ररी), पँगो, जीटीके. आधी हार्फबझच्या ‘एचबी-व्ह्यू’ला फॉन्टची फाइल, मजकूर आणि भाषा ‘एमआर’ द्या. तिथेच चुकीचं दिसलं तर दोष फॉन्टचा किंवा हार्फबझचा. दुसऱ्या फॉन्टवर करून पाहिलं की बहुधा निकाल लागतो. तिथे बरोबर, पण ‘पँगो-व्ह्यू’मध्ये चूक, तर पँगो. दोन्हीकडे बरोबर असून केवळ विजेटमध्ये बिघडत असेल तरच जीटीके. कर्सर आणि बॅकस्पेसच्या तक्रारी मात्र या चाळणीत सापडत नाहीत. त्यांचे नियम पँगोत असतात, भारतीय लिप्यांसाठी ‘ब्रेक-इंडिक’ नावाची वेगळी सी फाइल आहे, ती आधी वाचा.

तक्रारीत स्क्रीनशॉटसोबत युनिकोड क्रमही द्या: ०९३१, ०९४डी, ०९२एफ, ०९३ई. समोरच्याला अक्षर ओळखता येत नसलं तरी क्रम टाइप करता येतो. फॉन्टचं नाव, आवृत्ती आणि काय दिसायला हवं होतं त्याचं चित्र हेही हवं.

पॅचची शैली ग्नू पद्धतीची: दोन स्पेसचं इंडेंट, महिरपी कंस स्वतंत्र ओळीवर, फंक्शनचं नाव आणि कंस यांच्यामध्ये एक स्पेस. चाचण्या ‘मेसन टेस्ट’ने चालतात. चित्रण बदलत असेल तर रेफटेस्ट जोडा. त्यात एक यूआय फाइल आणि तिच्या जोडीची ‘रेफ’ यूआय फाइल असते, दोन्हींची चित्रं पिक्सेलला पिक्सेल जुळावी लागतात. चाचणी चालते त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नसेल तर दोन्हीकडे चौकोन उमटतील आणि चाचणी खुशाल पास होईल, म्हणून फॉन्टची खात्री आधी करा.

कोड लिहायचा नसेल तर भाषांतर आहे. ग्नोमच्या ‘डॅम्ड लाइज’ या भाषांतराच्या साइटवर मराठीच्या पीओ (भाषांतराच्या) फाइली मिळतात. जीटीके वापरणाऱ्याला दिसतं ते ‘पीओ’ फोल्डरमधलं. शॉर्टकटचं अक्षर मराठी शब्दात न घुसवता शेवटी कंसात, अंडरस्कोरसह मूळ रोमन अक्षर ठेवायची रीत आहे. पाठवण्यापूर्वी ‘एमएसजीएफएमटी डॅश-सी’ चालवा (इथे सी लहान), म्हणजे निसटलेलं टक्के-एस (मजकूर भरायची खूण) वगैरे पकडलं जाईल.

मर्ज रिक्वेस्टवर (पॅच सामील करून घेण्याची विनंती) बदल सुचवले गेले तर नवी रिक्वेस्ट उघडू नका आणि ‘रिव्ह्यूप्रमाणे दुरुस्ती’ अशा कमिटांची शेपटीही लावू नका. जुनाच कमिट अमेंड करा (सुधारा), मेनवर रिबेस करा, त्याच ब्रँचवर फोर्स-पुश करा.