स्टँडबाय डिझेल जनरेटर: केव्हीए ठरवण्यापासून बॅटरी बदलण्यापर्यंत

वीज गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही, तर बहुतेक वेळा इंजिनात काही बिघडलेले नसते. बॅटरी उतरलेली असते, कंट्रोलर 'ऑटो'वर ठेवायचा राहिलेला असतो, नाहीतर टाकीच्या तळाचे पाणी फिल्टरपर्यंत पोचलेले असते. सुरू होऊनही लोड उचलत नसेल, तर चूक खरेदीच्या वेळी मांडलेल्या हिशेबात शोधावी. म्हणून आधी हिशेब.

लोडची यादी अशी करा

जनरेटरवर जे जे चालवायचे त्या प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: चालताना किती किलोवॅट घेते, सुरू होताना किती केव्हीए (व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणाकाराचे माप) ओढते आणि कशाकशाबरोबर एकाच वेळी चालते. मोटरच्या पाटीवरचे किलोवॅट शाफ्टवर मिळणारे असतात, हे विसरू नका. ११ किलोवॅटची मोटर ८८ टक्के कार्यक्षमतेने प्रत्यक्षात १२.५ किलोवॅट वीज घेते.

एका मध्यम कार्यालयीन इमारतीचे उदाहरण घेऊ. दिवे, सॉकेट आणि पंखे २५ किलोवॅट, ११ किलोवॅटच्या दोन लिफ्ट मिळून २५, पाण्याचा ७.५ किलोवॅटचा एक पंप सुमारे ८.५, २० केव्हीएचा यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या चार्ज होण्याचा भार धरून, २२. बेरीज ८०.५ किलोवॅट. शिवाय ३७ किलोवॅटचा अग्निशमन पंप, जो विजेच्या बाजूने साधारण ४० घेतो. सगळे एकदम धरले तर १२० किलोवॅट, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष किलोवॅटचा हिस्सा) १५० केव्हीए. त्यावर 'थोडा वाव असू द्या' म्हणून २०० केव्हीएचा सेट सुचवला जातो. इथेच थांबा. आग लागली असताना यूपीएसचा भार, सगळे सॉकेट आणि दोन्ही लिफ्ट चालवायच्या नसतात. पंप सुरू होण्याचा इशारा मिळताच बाकीचे फीडर (इतर भागांना वीज नेणाऱ्या वाहिन्या) आपोआप तुटतील अशी सोय पॅनलमध्ये केली, तर १२५ केव्हीएत, म्हणजे १०० किलोवॅटमध्ये भागते.

मात्र पंप सुरू होताना काय होते तेही पाहायला हवे. या मोटरचा पूर्ण भाराचा आकडा सुमारे ४७ केव्हीए. डायरेक्ट स्टार्टरने (थेट पूर्ण व्होल्टेजला जोडून) ती साडेसहापट, म्हणजे ३०० केव्हीएच्या पुढे ओढते; स्टार-डेल्टाने (आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या स्टार्टरने) त्याचा तिसरा हिस्सा, १०० केव्हीए. व्होल्टेज किती बसेल (घसरेल) याचा ढोबळ अंदाज अल्टरनेटरच्या (जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाच्या) ट्रान्झियंट रिअॅक्टन्सवरून, म्हणजे अचानक भार आल्यावर त्याच्या आत होणाऱ्या अडथळ्यावरून येतो. तो १७ टक्के असेल, तर १२५ केव्हीएच्या सेटवर डायरेक्ट स्टार्टला व्होल्टेज ३० टक्क्यांच्या आसपास बसते आणि स्टार-डेल्टाला १२ टक्क्यांच्या आसपास. ३० टक्के बसले की कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे मोठे स्विच) थरथरू लागतात, लिफ्टचे ड्राइव्ह ट्रिप होतात, दिवे मिणमिणतात. स्टार-डेल्टातही स्टारमधून डेल्टात जाताना क्षणभर मोठा झटका येतो. मोटर पुरेशा वेगाला पोचण्याआधी टायमरने पालट केली, तर तो झटका जवळजवळ डायरेक्ट स्टार्टइतका होतो. टायमरची वेळ प्रत्यक्ष मोटर पाहूनच लावावी.

वीज जाते तेव्हा सगळे लोड एकदम अंगावर येऊ देऊ नका. पाच ते दहा सेकंदांच्या अंतराने टप्पे करा आणि सर्वांत मोठी मोटर आधी घ्या, कारण तेव्हा जनरेटर मोकळा असतो.

आता मोठा सेट घेतला तर काय बिघडते? रात्री या इमारतीत ३० किलोवॅट चालतात असे धरा. १२५ केव्हीएवर तो ३० टक्के भार होतो, २०० केव्हीएवर १९ टक्के. ३० टक्क्यांखाली डिझेल इंजिन दीर्घकाळ चालले की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, रिंगा नीट बसत नाहीत आणि न जळलेले इंधन तेलात मिसळून सायलेन्सरच्या जोडांतून काळे, चिकट होऊन गळू लागते. पुढे लायनरची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होते आणि इंजिन तेल पिऊ लागते. त्या अवस्थेत नुसते भारावर चालवून भागत नाही, इंजिन उघडावे लागते. जास्तीच्या केव्हीएची खरी किंमत पुढच्या वर्षांत अशी वसूल होते.

पाटीवरचा आकडा कोणता?

एकाच सेटवर दोन आकडे छापलेले असतात. आयएसओ ८५२८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे स्टँडबाय (वीज गेल्यावरच चालवायचे) रेटिंग वर्षाला जास्तीत जास्त २०० तासांसाठी असते आणि २४ तासांतला सरासरी भार त्याच्या ७० टक्क्यांपुढे जाऊ नये. या रेटिंगच्या वरचा भार कितीही गरज पडली तरी ओढता येत नाही. प्राइम (नेहमी चालवण्यासाठीच्या) रेटिंगला तासांची मर्यादा नसते, पण तिथेही सरासरी ७० टक्केच. फक्त १२ तासांत एक तास १० टक्के जादा भार चालतो. वीज रोज तास-दोन तास जात असेल, तर २०० तास चार-सहा महिन्यांत संपतात. अशा ठिकाणी प्राइम रेटिंगवर हिशेब करा, जाहिरातीतला मोठा आकडा पाहू नका. हे आकडे २५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीजवळचा हवेचा दाब धरून दिलेले असतात. उंच किंवा अतिउष्ण जागी क्षमता किती घटते याचा तक्ता उत्पादकाकडून लेखी घ्या. टर्बो नसलेल्या इंजिनांत ही घट लवकर सुरू होते.

यूपीएस, कॅपॅसिटर आणि न्यूट्रल

जुन्या सहा-पल्स रेक्टिफायरचा (एसीचे डीसी करणाऱ्या भागाचा) यूपीएस मोठे हार्मोनिक (विजेच्या लहरीतली विकृती) ओढतो आणि अल्टरनेटर तापवतो. त्याला आयजीबीटी (वेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) रेक्टिफायरचा यूपीएस हा खरा उपाय. नाहीतर अल्टरनेटर एक माप मोठा घ्यावा आणि इंजिन तेच ठेवावे. एव्हीआरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला) स्वतंत्र परमनंट मॅग्नेट जनरेटर किंवा ऑक्झिलरी वाइंडिंगमधून वीज मिळत असेल, तर मोटर सुरू होताना आणि शॉर्ट सर्किटच्या वेळी व्होल्टेज टिकते आणि ब्रेकर ट्रिप व्हायला पुरेसा प्रवाह मिळतो. इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर इलेक्ट्रॉनिक हवा. मेकॅनिकल गव्हर्नरवर भार बदलला की फ्रिक्वेन्सी चार-पाच टक्के सरकते आणि यूपीएस तिला मेन्स (वीज कंपनीचा पुरवठा) म्हणून स्वीकारत नाही. जनरेटर चालू आहे आणि यूपीएस मात्र बॅटरीवर, अशी विचित्र अवस्था येते.

पॉवर फॅक्टर सुधारणारे एपीएफसी पॅनल जनरेटर चालू असताना तोडलेच पाहिजे. कॅपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर लीडिंग झाला (प्रवाह व्होल्टेजच्या पुढे गेला) की एव्हीआरचा ताबा सुटतो आणि व्होल्टेज वर चढते. चेंजओव्हरच्या (लोड मेन्सवरून जनरेटरवर पालटणाऱ्या स्विचच्या) ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून ते तोडण्याची सोय सुरुवातीलाच करा.

चेंजओव्हर तीन पोलचा की चार पोलचा (न्यूट्रलही तोडणारा), हे न्यूट्रल (परतीची तार) कुठे अर्थ केला (जमिनीशी जोडला) आहे त्यावर ठरते. जनरेटरचा न्यूट्रल त्याच्याच जागी अर्थ केला असेल आणि अर्थ लीकेज (जमिनीत गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारे) संरक्षण वापरले असेल, तर चार पोल लागतात. नाहीतर परत येणारा प्रवाह दोन वाटांनी फुटतो आणि रिले उगीच ट्रिप होतो किंवा गरजेला ट्रिप होत नाही. चार पोलमध्ये न्यूट्रल शेवटी तुटणारा आणि आधी जोडला जाणारा हवा. टायमरची सुरुवातीची मांडणी साधारण अशी: वीज गेल्यावर तीन ते पाच सेकंद थांबून स्टार्ट, व्होल्टेज ९० टक्के आणि फ्रिक्वेन्सी ९५ टक्के झाल्यावर लोड, मेन्स परतल्यावर पाच ते पंधरा मिनिटे वाट आणि लोड काढल्यावर तीन ते पाच मिनिटे रिकामे चालवणे. टर्बो थंड व्हायला ही शेवटची मिनिटे लागतातच.

जागा आणि इंधन

रेडिएटरची गरम हवा बाहेर गेली नाही आणि पुन्हा आत ओढली गेली, तर दुपारी सेट हाय टेम्परेचरवर बंद पडणार. रेडिएटर आणि भिंतीतले तोंड यांच्यामध्ये कॅनव्हासचा डक्ट जोडा. बाहेरचे तोंड रेडिएटरच्या कोअरपेक्षा किमान सव्वापट आणि आत येणाऱ्या हवेची जाळी त्याहून मोठी ठेवा. जाळीच्या पात्यांनी अडणारी जागा मोजून वजा करावी, कारण दिसायला मोठी जाळी हवेसाठी निम्मीच असू शकते. सेटभोवती एक मीटर मोकळी जागा ठेवा. धुराच्या नळीला इंजिनाशी लवचिक बेलो (घड्यांची नळी), पुढे लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन), तळाला पाणी काढण्याचा ड्रेन आणि वर पावसाची टोपी हवी. दोन इंजिनांची धुराडी एकत्र करू नका. धुराचे तोंड इमारतीच्या ताज्या हवेच्या झरोक्यांपासून आणि खिडक्यांपासून दूर न्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वरच्या उदाहरणातला सेट ७५ किलोवॅट भारावर तासाला २० लिटरच्या आसपास डिझेल पितो. म्हणजे आठ तासांना १६० लिटर, आणि टाकी त्याच्या सव्वापट, कारण तळाचा भाग कधीच वापरायचा नसतो. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा नळी वापरू नका. जस्त डिझेलशी संयोग पावून साबणासारखा गाळ तयार होतो आणि इंजेक्टर तुंबतात. तांबेही डिझेल लवकर बिघडवते. साधे काळे लोखंड चालते.

डिझेल सहा महिन्यांपासून वर्षभरात खराब होऊ लागते. बायोडिझेल मिसळलेले आणखी लवकर, कारण ते पाणी जास्त शोषते. टाकी भरलेली ठेवली की आत वाफ जमून पाणी होणे कमी होते. तळाच्या ड्रेनमधून महिन्यातून एकदा थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. खाली पाण्याचा थर किंवा मधे काळसर, शेवाळल्यासारखा पट्टा दिसला, तर जंतू वाढले आहेत असे समजा. पाणी काढा, डिझेल गाळून घ्या आणि फिल्टर बदला.

नेमाने करायचे

दर आठवड्याला: कंट्रोलर 'ऑटो'वर, इमर्जन्सी स्टॉप सुटलेला, तेल आणि कूलंटची पातळी, बेल्ट, गळती, चार्जरचे व्होल्टेज. १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीवर फ्लोट (सतत चार्जिंगचे) व्होल्टेज साधारण १३.५ ते १३.८ असावे. ब्लॉक हीटर असेल, तर इंजिन हाताला कोमट लागले पाहिजे.

दर महिन्याला: किमान ३० मिनिटे, ३० टक्क्यांपेक्षा जास्त भारावर चालवा. आठवड्याला पाच मिनिटे रिकामे फिरवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडा, कारण तेल गरम होत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि प्रत्येक स्टार्टला बॅटरी मात्र खर्च होते. इमारतीचा भार पुरत नसेल, तर वर्षातून एकदा लोड बँक (कृत्रिम भार देणारे यंत्र) लावा: ५० टक्के भारावर अर्धा तास, मग ७५ टक्क्यांवर एक तास. अमेरिकेच्या एनएफपीए ११० या आणीबाणीच्या विजेच्या मानकामध्ये हाच नेम आहे. धूर आधी काळा येऊन हळूहळू साफ होतो. शेवटपर्यंत साफ झाला नाही, तर इंजेक्टर तपासा.

२५० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा: तेल, तेलाचा फिल्टर, डिझेलचे दोन्ही फिल्टर. सेट वर्षात २० तासच चालला तरी तेल बदलायचे, कारण ते आम्ल आणि पाण्याने बिघडते. एअर फिल्टर रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (तो किती तुंबला ते दाखवणारा) पाहून बदला, हवेच्या दाबाने झटकू नका. कागदाला बारीक भोके पडतात. कूलंट म्हणजे नुसते पाणी नव्हे. ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे, सोबत लायनरला खड्डे पडू न देणारे अॅडिटिव्ह. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) उत्पादकाच्या तासांप्रमाणे.

अल्टरनेटरची इन्सुलेशन तपासणी वर्षातून एकदा करा. मेगर (इन्सुलेशन मोजण्याचे यंत्र) लावण्याआधी एव्हीआर सोडवा आणि फिरते (रोटरवरचे) डायोड शॉर्ट करा, नाहीतर तपासणीतच ते जातील. एक मेगाओहमपेक्षा कमी आले, तर वाइंडिंग वाळवून पुन्हा मोजा.

बॅटरी दोन-तीन वर्षांत, चालत असली तरी बदला. सेल्फ फिरताना १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले, तर त्याआधीच. काढताना पहिल्यांदा कंट्रोलर बंद, मग चार्जर बंद, मग निगेटिव्ह टर्मिनल. रिमोट स्टार्टवरचा सेट हात आत असतानाही सुरू होऊ शकतो.

सुरू होत नसेल तर

सेल्फ फिरतच नाही: इमर्जन्सी स्टॉप, कंट्रोलरची स्थिती, टर्मिनलवरचा गंज, बॅटरी, सोलेनॉइड, या क्रमाने पाहा. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही: टाकी, डिझेलचा व्हॉल्व्ह, फिल्टरमधले पाणी, लाइनमधली हवा, स्टॉप सोलेनॉइड. प्रत्येक वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. तीन प्रयत्नांनी न पकडल्यास कंट्रोलर स्वतःच थांबतो. तो फॉल्ट कारण न शोधता पुसू नका. इंजिन चालते पण व्होल्टेज येत नाही: आधी ब्रेकर आणि एव्हीआरचा फ्यूज, मग सेन्सिंगच्या तारा, मग फिरते डायोड. फार दिवस बंद असलेल्या अल्टरनेटरची उरलेली चुंबकीयता गेली असू शकते; अशा वेळी उत्पादकाच्या पद्धतीने, एव्हीआर सोडवून, बॅटरीवरून फील्डला क्षणभर व्होल्टेज द्यावे लागते.